पडद्यावरचं मिग-२१ कितपत खरं?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर भारतीय हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ साली याच चंदीगडात अठ्ठावीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनपासून या विमानाची भारतातली कारकीर्द सुरू झाली होती. ती बासष्ट वर्षांनी संपली. मात्र मिग-२१ उडवायला शिकणाऱ्यांची संख्या काही शून्यावर आलेली नाही. ‘डीसीएस वर्ल्ड’ या लढाऊ सिम्युलेटरसाठी मिग-२१बिस या प्रकाराचं मॉड्यूल, म्हणजे त्यात जोडता येणारं संगणकीय विमान, २०१४ साली आलं. तेव्हापासून देशोदेशीचे हौशी लोक घरच्या टेबलावर स्टिक आणि थ्रॉटल मांडून त्याचं इंजिन सुरू करायला, ते हवेत न्यायला आणि मुख्य म्हणजे धड उतरवायला शिकत आहेत.

जुन्या लढाऊ विमानांच्या अशा मॉड्यूल्सबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. सिम्युलेटरवाले म्हणतात, हे अगदी खऱ्यासारखं आहे. इतिहासाचे अभ्यासक म्हणतात, हा खेळ आहे, त्यात इतिहास कुठला? मला ही दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. चांगलं मॉड्यूल ही त्या विमानाची एक संपादित आवृत्ती असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितं ताडून पाहिली आणि पाठभेद तळटीपांमध्ये नोंदवले. विमानाच्या मॉड्यूललाही हाच हिशेब लावायला हवा. साधनं कोणती वापरली, त्यांतून निवड कशी केली, आणि त्या निवडीबद्दल निर्माता उत्तर द्यायला तयार आहे का, या तीन प्रश्नांवर त्याचं मोल ठरावं. या लेखात त्याच कसोटीनं या क्षेत्राकडे पाहायचं आहे, आणि उदाहरण म्हणून आपल्याला सर्वांत जवळचं असलेलं मिग-२१ घ्यायचं आहे.

अनेक विमानांकडून एका विमानाकडे

संगणकावरच्या उड्डाणाला लढाईची जोड अगदी सुरुवातीपासून आहे. ब्रूस आर्टविक यांच्या १९८० सालच्या पहिल्या फ्लाइट सिम्युलेटरमध्येसुद्धा पहिल्या महायुद्धातल्या चकमकीचा एक भाग होता, जरी त्यातलं सारं जग चार रेघांचं असलं तरी. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर’ आला. २००१ मध्ये ओलेग मॅडॉक्स यांच्या ‘इल-२ श्टुर्मोविक’नं पूर्व आघाडीवरचं हवाई युद्ध घरोघरी नेलं. पुढच्या पाच वर्षांत पुरवणी संचांमधून त्यात विमानांची भर पडत गेली. त्या काळी गिऱ्हाईक एक युद्ध विकत घेत असे, आणि विमानं त्या युद्धासोबत येत.

‘डीसीएस वर्ल्ड’नं २०१२ मध्ये हा व्यवहार उलटा केला. मूळ सिम्युलेटर फुकट ठेवला, त्यासोबत सु-२५टी आणि पुढे शस्त्रं नसलेलं मस्टँगही दिलं, आणि बाकीचं प्रत्येक विमान स्वतंत्र विक्रीला काढलं. पी-५१डी मस्टँग, एफ-८६एफ सेबर, मिग-१५बिस, जर्मनांची बीएफ १०९ के-४ आणि एफडब्ल्यू १९० डी-९, स्पिटफायर एलएफ मार्क नऊ, मॉस्किटो अशी ही यादी वाढत गेली. एकेका विमानाची किंमत साधारण ५० ते ८० डॉलर. ही विमानं बनवण्याची परवानगी बाहेरच्या छोट्या चमूंनाही मिळाली. मिग-२१बिस अशाच एका चमूनं बनवलेलं आहे.

या बदलाचा परिणाम खोल झाला. एका विमानासाठी पूर्ण किंमत मोजणारा माणूस त्या विमानाचा प्रत्येक खटका चालायला हवा म्हणतो. कॉकपिटमधली बटणं माऊसनं दाबता येतात, फ्यूज उडतात, हायड्रॉलिकचा दाब उतरतो, बॅटरी संपते. २०१४ पासून पुढे आलेल्या नव्या ‘इल-२’ मालिकेनं मात्र विस्ताराचा मार्ग धरला. तिथं विमानं पुष्कळ आहेत आणि कॉकपिटमधली कामं थोड्या कळांवर आटोपतात. स्टालिनग्राडच्या आकाशात एकाच वेळी उडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या विमानांचं परस्परनातं समजून घ्यायचं असेल, तर ती मालिका अधिक शिकवते. एका यंत्राच्या पोटात शिरायचं असेल, तर डीसीएसचं मॉड्यूल. हे दोन मार्ग एकमेकांना पूरक आहेत आणि त्यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यात अर्थ नाही.

मॉड्यूल घडतं कसं

मॉड्यूलचे ढोबळमानानं तीन थर असतात. पहिला थर दिसण्याचा. संग्रहालयातल्या विमानाची मोजमापं आणि शेकडो छायाचित्रं घेऊन त्रिमितीय प्रतिकृती उभी केली जाते. यात आता विलक्षण प्रगती झाली आहे, आणि जाहिरातीत सर्वांत जास्त हाच थर दाखवतात. दुसरा थर यंत्रणांचा : वीज, इंधन, हवेचा दाब, हायड्रॉलिक, रडार, नेम धरण्याचं उपकरण. तिसरा आणि सर्वांत अवघड थर उड्डाणाचा. अमुक वेगाला, अमुक उंचीवर, नाक अमुक कोनात असताना पंखांवर किती उचल मिळते आणि हवा किती मागे ओढते, याचे आकडे विंड टनेलच्या अहवालांतून आणि वैमानिकांसाठीच्या पुस्तिकांतून काढले जातात. जिथं आकडे नाहीत तिथं गणितानं पोकळी भरतात. मग कमाल वेग, चढण्याचा दर, वळायला लागणारा वेळ हे छापील तक्त्यांशी ताडून पाहतात.

इथं एक मेख आहे. कमाल वेग आणि चढण्याचा दर यांची कागदपत्रं भरपूर मिळतात, कारण विमान सेवेत घेण्यापूर्वी सरकारं नेमकं तेच मोजतात. विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपण्याच्या, काठावर कसं थरथरतं, जोरात वळताना किती आळशीपणे कूस बदलतं, गिरक्या खात खाली जाऊ लागलं तर कसं सावरतं, याबद्दल बहुधा चार वाक्यं सापडतात, तीही एखाद्या चाचणी-वैमानिकाच्या शब्दांत. म्हणजे तक्त्यांशी शंभर टक्के जुळणारं मॉड्यूलही लढाईच्या नेमक्या क्षणी चुकू शकतं. ‘आमचे आकडे जुळतात’ या दाव्यापाशी परीक्षणकर्त्यानं थांबता कामा नये, ते यासाठीच.

मिग-२१बिसच्या कॉकपिटमध्ये

मॉड्यूलमधून खरोखर काही कळतं का, हे पाहायचं तर मिगच्या इंधनाच्या काट्यापासून सुरुवात करावी. आपल्या गाडीचा काटा टाकीतली पातळी दाखवतो. मिग-२१ चं उपकरण तसं नाही. उड्डाणापूर्वी विमानात किती इंधन भरलं हा आकडा त्यावर हातानं लावायचा असतो. पुढे इंजिनाकडे जितकं इंधन वाहत जाईल तितकं ते वजा करत जातं. आकडा चुकीचा लावला, तर उपकरण निमूटपणे चुकीचं उत्तर देत राहतं. मॉड्यूलमध्ये हे जसंच्या तसं आहे. या विमानात जमिनीवरच्या तंत्रज्ञाच्या शब्दावर वैमानिकाचा जीव किती अवलंबून होता, हे पुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा त्या एका बटणानं अधिक चांगलं समजतं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. मिगच्या पुढच्या चाकाला सुकाणू नाही. स्टिकवरची एक मूठ आवळली की हवेच्या दाबानं ब्रेक लागतात, आणि पायातल्या रडरच्या पट्ट्या जिकडे दाबाल तिकडच्या चाकाला जास्त दाब जातो. विमान त्या बाजूला वळतं. गंमत अशी की स्पिटफायरमध्येही हीच पद्धत आहे : स्टिकच्या गोल मुठीवर ब्रेकचा दांडा आणि दिशा ठरवायला रडर. १९४४ चं ब्रिटिश विमान आणि त्यानंतर तीन दशकांनी आलेलं सोव्हिएत जेट एका कल्पनेवर जमिनीवरून चालतात, हे साम्य दोन्ही मॉड्यूल्स लागोपाठ चालवणाऱ्याच्या पायांना आधी कळतं आणि मग डोक्याला.

सर्वांत बोलका भाग उतरण्याचा. मिग-२१ चा त्रिकोणी पंख आवाजाच्या दुप्पट वेगासाठी घडवलेला आहे, आणि कमी वेगात तो नाखूष असतो. म्हणून बिसमध्ये इंजिनातली दाबाखालची हवा मागच्या फ्लॅपवरून फुंकण्याची सोय आहे. तिच्यामुळे उतरण्याचा वेग कमी होतो, तरी धावपट्टीचा उंबरठा ताशी ३०० किलोमीटरच्या आगेमागेच ओलांडावा लागतो. ही हवा इंजिनातून येते, त्यामुळे घाईनं थ्रॉटल मागे ओढला की जोर तर कमी होतोच, शिवाय फ्लॅपवरची हवाही आटते आणि विमान खाली बसतं. त्यात त्रिकोणी पंख नाक वर केलं की प्रचंड ओढ निर्माण करतो. नवशिका खाली जाणारं विमान वर आणायला स्टिक मागे ओढतो आणि त्यामुळे ते आणखी खाली जातं. उपाय म्हणजे आधी थ्रॉटल पुढे. हे ज्ञान मॉड्यूल हाताला देतं, आणि ते देताना खोटं बोलत नाही.

आणि समोरच्या फळ्यावर मधोमध एक पांढरी उभी रेघ आहे. विमान गिरकीत सापडलं तर स्टिक नेमकी मध्यावर आणायची असते, आणि भोवंडलेल्या वैमानिकाला मध्य कुठे हे कळावं म्हणून ती रंगवलेली आहे. रचनाकारांनी वैमानिकाच्या सर्वांत वाईट क्षणाचा विचार करून ठेवला होता, याची ही साक्ष आहे.

कागद येतात कुठून

शत्रूची विमानं हाती लागली की त्यांची कसून चाचणी होते, आणि ते अहवाल कालांतरानं खुले होतात. जून १९४२ मध्ये आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशा चुकून वेल्समधल्या पेम्ब्रे तळावर आपलं एफडब्ल्यू १९० घेऊन उतरला, आणि ब्रिटिशांना त्या विमानाचा अभ्यास करता आला. सप्टेंबर १९५३ मध्ये नो कुम-सोक हा उत्तर कोरियाचा वैमानिक मिग-१५बिस घेऊन दक्षिणेत किंपोला उतरला. अमेरिकनांनी ते विमान ओकिनावाला नेऊन तपासलं, आणि चाचणी-वैमानिक चक येगर यांनीही ते उडवलं. १९६६ मध्ये इराकचा मुनीर रेद्फा मिग-२१ घेऊन इस्राएलला गेला. तेच विमान १९६८ मध्ये अमेरिकेत तपासलं गेलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मूळ रशियन पुस्तिकाही बाहेर पडल्या.

पण मिळालेला प्रत्येक कागद प्रत्येक विमानाला लागू पडत नाही. रेद्फाचं विमान मिग-२१एफ-१३ होतं, म्हणजे हलकं, सुरुवातीचं. बिस हे या घराण्यातलं बरंच वजनदार आणि वेगळ्या इंजिनाचं विमान. त्याचं आर-२५-३०० इंजिन कमी उंचीवर काही मिनिटांपुरता सुमारे ९,९०० किलोचा रेटा देऊ शकतं. एफ-१३ च्या अहवालावरून बिसच्या वळण्याबद्दल वाद घालणं म्हणजे एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या नावावर लावणं झालं.

विमान जितकं नवं, तितके कागद दुर्मीळ आणि धोक्याचे. एफ-१६ च्या पुस्तिका निर्यातबंदी मोडून मिळवल्याबद्दल एका रशियन सिम्युलेटर-विकसकाला २०१९ मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. निवृत्त झालेल्या विमानांचं महत्त्व यातूनही दिसतं. त्यांच्याबाबत गुपितांची मुदत सरत आलेली असते आणि ती चालवलेली माणसं अजून हयात असतात. अस्सल काम होण्याचा काळ तोच.

कोणत्या सालचं, कुणाचं

‘मिग-२१’ या नावाखाली अकरा हजारांहून अधिक विमानं बनली आणि त्यांच्यात पिढ्यांचं अंतर आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातल्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं डागणारी भारतीय विमानं मिग-२१एफएल होती. त्यांच्या अंगात तोफ नव्हती, हवी तर ती पोटाखाली स्वतंत्र खोक्यात टांगावी लागे. बिस भारतात आलं ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, अंगभूत दुनळी तोफेसह आणि वेगळ्या रडारसह. सिम्युलेटरमध्ये बिसवर भारतीय हवाई दलाचं चक्र रंगवून १९७१ ची मोहीम खेळणारा माणूस ढाका चुकीच्या विमानातून पाहत असतो. खेळ म्हणून त्याला हरकत नाही. पण त्यावरून ‘७१ मध्ये वैमानिकांना असं करता आलं असतं’ असा निष्कर्ष काढला, की तो फसतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांबाबत हाच वाद इंधनावरून रंगतो. १९४४ मध्ये काही मित्रराष्ट्रीय स्क्वाड्रन्सना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळू लागलं आणि त्यांच्या इंजिनांना जास्त दाब सोसता येऊ लागला. त्यामुळे एकाच मार्कचं स्पिटफायर वसंतात वेगळं आणि शरदात वेगळं उडत होतं. मॉड्यूल बनवणाऱ्याला त्यातलं एक निवडावंच लागतं. निवड करण्यात दोष नाही, ती न सांगण्यात आहे. प्रत्येक मॉड्यूलच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर साल, कारखाना, इंजिन आणि इंधन लिहिलेलं असावं, ही अपेक्षा अजिबात जास्त नाही.

पडद्याला न पेलणारं

सिम्युलेटरमध्ये शरीरावर भार येत नाही. सहा-सात जीचं, म्हणजे शरीराचा भार सहा-सात पट करणारं, वळण पडद्याच्या कडा काळवंडून दाखवता येतं, पण मानेवरचं ओझं देता येत नाही. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क, राजस्थानच्या उन्हात तापलेलं कॉकपिट, रात्री क्षितिज हरवल्यावर आतल्या कानानं केलेली दिशाभूल, यांतलं काहीही येत नाही. आणि भीती तर नाहीच.

भारतीय वाचकाला हे विसरता येणार नाही. खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली आणि १७१ वैमानिकांचा बळी गेला, अशी माहिती संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिली होती. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं मिग-२१ २००१ मध्ये राजस्थानात कोसळलं. त्यानंतर मुलावर ठेवलेल्या ठपक्याविरुद्ध त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी दिलेला लढा मराठी वाचकांना आठवत असेल. हवाई दलातल्या अपघातांबाबत नेमलेल्या ला फाँतेन समितीनं १९८२ मध्येच प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली होती. असं विमान, ‘हॉक’, हवाई दलात आलं २००८ मध्ये. मधल्या काळातल्या तरुण वैमानिकांनी किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावरून थेट या चपळ, घाईच्या यंत्रावर उडी घेतली.

मॉड्यूल इथं एक गोष्ट मात्र करू शकतं. वर सांगितलेलं उतरणं ज्यानं पडद्यावर स्वतः करून पाहिलं आहे, तो ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द इतक्या सहज उच्चारणार नाही. यंत्र किती कमी माफ करत होतं, हे त्याला हातानं ठाऊक झालेलं असतं. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत मोठं सार्थक हेच आहे.

मॉड्यूलही मरतं

विमान गंजलं तरी संग्रहालयात उभं राहतं. मॉड्यूलचं तसं नाही. ते मूळ सिम्युलेटरच्या आवृत्तीवर जगतं. डीसीएससाठी एका ब्रिटिश चमूनं ‘हॉक’ प्रशिक्षण विमान बनवलं होतं. २०१८ मध्ये तो चमू बाहेर पडला आणि सिम्युलेटरच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते विमान चालेनासं झालं. लोकांनी दिलेले पैसे गेलेच, त्याहून वाईट म्हणजे त्या विमानाबद्दल गोळा केलेलं ज्ञान बंद पेटीत गेलं. छोट्या चमूंवर उभ्या असलेल्या या व्यवसायात हे पुन्हा घडू शकतं. म्हणून विमानासोबत त्यामागची साधनं, मोजमापं आणि टिपणं एखाद्या संग्रहालयाकडे किंवा विद्यापीठाकडे ठेवण्याची प्रथा पडायला हवी. सिम्युलेटर जाईल, पण टिपणं उरली तर पुढचा चमू शून्यापासून सुरू करणार नाही.

ओझरचं देणं

हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नाशिकजवळचा ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बनवण्यासाठीच उभा राहिला. एफएल, एम आणि बिस हे तिन्ही प्रकार तिथं तयार झाले. भारतात बांधलेल्या मिग-२१ ची संख्या ६५७ आहे. इंजिनं ओरिसात कोरापूटला बनत, विमान ओझरला उभं राहत असे. नाशिक, निफाड, पिंपळगावच्या कितीतरी घरांत या विमानाचे रिव्हेट मारलेले, तारा जोडलेले, दुरुस्तीला आलेली विमानं खोलून पुन्हा बांधलेले हात आहेत.

मॉड्यूल बनवणाऱ्यांना मिळालेल्या पुस्तिका रशियन कारखान्याच्या. ओझरच्या विमानांमध्ये कोणते फेरफार झाले, भारतीय उन्हाळ्यात कोणती यंत्रणा आधी रुसायची, कोणत्या वेळी पुस्तिकेपेक्षा वेगळा हात लावावा लागायचा, हे त्या पुस्तिकांत असणार नाही. ते या माणसांच्या स्मरणात आहे. डीसीएसच्या मांदियाळीत आपलं स्वतःचं लढाऊ विमान एचएफ-२४ मारुत नाही, याची खंत अनेकांना आहे आणि ती रास्त आहे. पण मारुतचं मॉड्यूल उद्या कुणी बनवायला घेतलं, तरी त्याला द्यायला आपल्याकडे नीट लावलेलं काय आहे, हा त्याआधीचा प्रश्न आहे.

त्यासाठी करायच्या गोष्टी अवघड नाहीत. ओझरच्या निवृत्त कामगारांच्या आणि मिग चालवलेल्या वैमानिकांच्या सविस्तर मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. निवृत्त विमानांपैकी प्रत्येक प्रकाराचं निदान एक कॉकपिट खटक्यांसह, नामपट्ट्यांसह मोजून आणि स्कॅन करून ठेवावं. जी कागदपत्रं खुली करता येतील ती हवाई दलानं खुली करावीत. नाशिकची अभियांत्रिकी महाविद्यालयं हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून आजही सुरू करू शकतात. पडद्यावरचं मिग-२१ आज जितकं खरं आहे, ते बाहेरच्यांनी जपलेल्या कागदांमुळे. भारतीय मिग-२१ तितकंच खरं व्हायचं असेल, तर ही साधनं आपल्याला जमवावी लागतील, आणि ती ज्यांच्याकडे आहेत ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.